पडदेकाका आणि गाण्यातली गप्प जागा

विंगेत शिरण्याआधी पडदेकाका जोडे बाहेर काढून ठेवत. आत फक्त मोजे. एका पायातला मोजा दुसऱ्या पायातल्या मोज्याच्या रंगाचा कधीच नसे.

चहा ते गार करून पीत. ठरवून नव्हे. चहा गरम असे तेव्हा त्यांच्या हातात दोरी असे.

लांबचा चष्मा डोक्यावर ढकलायचा आणि जवळचा शोधत हिंडायचं. जवळचा त्यांच्या गळ्यात लटकत असे.

कार्यक्रम चालू असताना ते कुणाच्या तोंडाकडे बघत नसत. पायांकडे बघत.

टाळ्या त्यांनी कधी वाजवल्या नाहीत. आवडलं की मान एकदा उजवीकडे कलती करायची. फारच आवडलं तर मग डावीकडेही.

कार्यक्रमाच्या यादीत प्रत्येक नावापुढे ते पेन्सिलीने दोन रेघा मारत. पडदा उघडला की एक, मिटला की दुसरी. मग पेन्सिल परत कानावर.

आणि कुठलाही नवा गट आला की एकच प्रश्न. "तुमच्याकडे 'संपलं'ला काय म्हणतात?" असे एकोणीस भाषांतले शब्द त्यांना येत. एकोणीसही ते सारखेच चुकीचे उच्चारत.

या सवयी टिपून ठेवल्या यादीवालीने. ती साहित्याची विद्यार्थिनी. तीन वर्षं ती विंगेत, काकांच्या शेजारी, यादी हातात घेऊन उभी राहिली. म्हणून यादीवाली. हे नाव काकांनीच दिलेलं. ते सगळ्यांना कामावरून नावं देत. आवाजाच्या यंत्रावर बसायचा तो भोंगा. सांस्कृतिक विभागाच्या प्रमुख होत्या, त्यांना मात्र ते मॅडमच म्हणत. "त्यांना नावं ठेवायची आपली टाप नाही," असं वर सांगत.

विद्यापीठाचं मोठं सभागृह ग्रंथालय आणि जेवणघर यांच्यामध्ये होतं. सहाशे वीस खुर्च्या. त्यातल्या चौदा हलत्या. कोणत्या चौदा, ते काकांना पाठ होतं, कारण ते इथे पहिल्यांदा आले ते खुर्च्या दुरुस्त करायला. तेव्हा ते सुतार होते, वय अठ्ठावीस. त्या दिवशी पडदा ओढणारा माणूस तापाने फणफणला होता. कुणीतरी म्हणालं, "ए सुतार, जरा ही दोरी धर." त्यांनी धरली. खुर्च्यांचे पाय बसवायला आलेल्या माणसाने तिथेच पाय रोवले. एकतीस वर्षं.

त्या विद्यापीठात वीस-बावीस देशांतली मुलं शिकत. वर्षातून एकदा, एका शनिवारी दुपारी, सगळ्यांचा मिळून एक कार्यक्रम होई. जो तो आपापल्या मुलखातलं काहीतरी आणी. कुणी नाच, कुणी गाणं, कुणी बाहुल्या, कुणी दहा मिनिटांचं नाटक. ते नाटक करणाऱ्या आठ जणांखेरीज कुणालाही कळत नसे, पण हसत सगळेच.

आता गोम अशी, की पडदा ओढणाऱ्याला शेवट कळावा लागतो. भाषा कळत नसेल तर शेवट कसा कळणार? काकांचं उत्तर ठरलेलं होतं. "माणूस तोंडाने थापा मारतो. पायांना तेवढी अक्कल नसते." बोलणारा बोलायचा थांबला तरी तो संपलेला नसतो, त्याच्या टाचा अजून उचललेल्या असतात. टाचा टेकल्या, वजन खाली गेलं, की समजावं शेवट झाला. मग दोरी. हसून संपलं असेल तर सात सेकंदांत पडदा मिटवायचा. रडून संपलं असेल तर अकरा. "रडणाऱ्याच्या तोंडावर दार आपटू नये," ते म्हणत.

दोरीच्या कप्प्यांना ते शिवणयंत्राचं तेल घालत. वरच्या रुळावर मेणबत्ती घासत. हाताला पावडर लावत. पडदा त्यांच्या हाताखाली कधी कुरकुरला नाही आणि कधी चुकला नाही.

गेल्या वर्षी चुकला.

दूरच्या एका बेटावरून एक मुलगी शिकायला आली होती. तिच्या मुलखातली ती एकटीच. बाकीचे दहा-दहाच्या घोळक्याने येत, ही स्वतःच आपला घोळका. तिचं नाव यादीत ऐन वेळी घातलं होतं. घाईघाईत काकांचा तो एक प्रश्न विचारायचा राहून गेला.

ती अनवाणी आली, मधोमध उभी राहिली आणि गायली. साधंसं गाणं, लाटेसारखं पुढे येणारं आणि मागे सरणारं. मग ती गप्प झाली. खाली बसली. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या.

काकांनी दोरी ओढली. अकरा सेकंद. पलीकडे टाळ्यांचा कडकडाट. काकांनी मान उजवीकडे कलती केली, मग डावीकडेही.

पडद्याच्या अलीकडे मुलगी तशीच बसून होती.

"संपलं नव्हतं," ती हळूच म्हणाली. उठली आणि मागच्या दाराने निघून गेली.

दुसऱ्या दिवशी यादीवालीने तिला गाठलं आणि सगळं विचारून आली. त्या बेटावर संध्याकाळी बायका किनाऱ्यावर उभ्या राहून ते गाणं म्हणतात. होड्या धुक्यात असतात, दिसत नाहीत. अर्धं गाणं झालं की बायका खाली बसतात आणि गप्प राहतात. मग समुद्रावरून कुणीतरी त्या गायलेल्या चालीचं शेवटचं वळण परत गुणगुणतं. ते ऐकू आलं की उरलेलं अर्धं गाणं. ते ऐकू येईपर्यंत नुसतं बसायचं. कितीही वेळ. त्या गप्प जागेसाठीच तर ते गाणं असतं.

काका ऐकत राहिले. हातातल्या कपात चहा होता, गरम. तरी ते प्याले नाहीत.

"म्हणजे," शेवटी ते म्हणाले, "होडी यायच्या आत मी बंदर बंद केलं."

त्यानंतर ती मुलगी सभागृहाकडे फिरकली नाही. वाटेत दिसली तर हसे, पण पाय न थांबवता. काका पाय बघणारा माणूस. त्यांना कळायचं ते कळलं.

यंदा कार्यक्रमाच्या महिनाभर आधी मॅडम सभागृहात आल्या. बरोबर दोन माणसं, हातात मोजपट्टी.

"काका, आनंदाची बातमी. पडदा आता बटणावर चालणार! सगळ्यांचा कार्यक्रम झाला की सोमवारीच काम सुरू. तुम्हीही त्याच महिन्यात निवृत्त होताय. म्हणजे तुमच्यानंतर आमची अडचण नको."

"बटणाला पाय दिसतात का मॅडम?"

"बटणाला वेळ दिसते. सहा मिनिटं म्हणजे सहा मिनिटं. तुमच्यासारखं नाही, की गटाला रंगत आली म्हणून तुम्ही मान वाकडी करून उभे."

"मान वाकडी झाली तर झाली," काका म्हणाले. "मोडली तर नाही."

मॅडम हसल्या. माणूस वाईट नव्हता. फक्त घड्याळ मनगटावर न बांधता डोक्यात बांधलं होतं.

त्या दिवशी काकांनी एक हिशेब मनाशी मांडला. अजून एक शनिवार आपल्या हातात दोरी असणार. त्या शनिवारी ती मुलगी गायली नाही, तर आपल्या एकतीस वर्षांचा शेवटचा पडदा गेल्याच वर्षी पडला, आणि तोही चुकीचा.

ते जोडे घालून ग्रंथालयात गेले.

मुलगी दुपारी तिथे काम करी. परत आलेली पुस्तकं हातगाडीवरून फळ्यांवर लावायची. काका गाडीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले.

"पोरी, यंदा गा," ते कुजबुजले.

"नको काका."

"चूक माझी होती."

"चूक कसली? इथे कुणालाच ते ठाऊक नसतं."

"मला आता ठाऊक आहे."

मुलीने एक जाडजूड पुस्तक फळीवर सरकवलं. "ठाऊक असणं वेगळं आणि थांबता येणं वेगळं. तुमचे हात बघा."

काकांनी बघितलं. त्यांचे दोन्ही हात गाडीच्या दांड्यावरून पुढेमागे, पुढेमागे फिरत होते. दोरीवर फिरतात तसे.

"एवढ्या वर्षांची खोड आहे ती," ते ओशाळून म्हणाले.

"मग रोज चार वाजता तालमीच्या खोलीत या. मी गाईन. मी थांबले की तुम्हीही थांबायचं. हलायचं नाही. जमलं तर गाईन यंदा."

"आणि समोरून उत्तर नाहीच आलं तर? इथे कुणाला माहीत आहे? भोंग्याला सांगून ठेवू का? तो देईल उत्तर यंत्रातून."

मुलगी पहिल्यांदा मोठ्याने हसली. "सांगून आलं तर ती हजेरी झाली काका. उत्तर नाही. कुणालाही सांगायचं नाही. काकींनासुद्धा नाही."

"शू!" टेबलामागून ग्रंथपालबाई म्हणाल्या. "काका, इथे येऊनही तुमचा खेळ चालूच का? जरा पडदा टाका त्याच्यावर."

"टाकतो, टाकतो. तेच तर शिकायला आलोय," काका म्हणाले आणि बाहेर सटकले.

तालमीची खोली तळमजल्यावर होती. भिंतभर आरसा, कोपऱ्यात दुमडलेल्या खुर्च्या, एका खिडकीला जुना सुती पडदा. शेजारच्या खोलीत कुणाचे ना कुणाचे ढोल चालू असत.

पहिल्या दिवशी मुलगी गाऊन थांबली. वीस सेकंदांत काकांनी नाक खाजवलं.

"हललात."

"नाकाला कुठे ठाऊक होतं!"

दुसऱ्या दिवशी ते अर्धं मिनिट बसले. मग त्यांचा हात आपोआप उठला आणि खिडकीच्या पडद्याची दोरी धरून मोकळा झाला. दोघांनी त्या हाताकडे बघितलं. "हा माझा नाही," काका म्हणाले. "विद्यापीठाचा आहे."

तिसऱ्या दिवशी पाच मिनिटं. मुलगी खूश झाली. जवळ जाऊन बघते तर काका झोपलेले.

"हललो तर नाही ना?"

"हलला नाहीत. घोरलात."

चौथ्या दिवसापासून त्यांना हळूहळू ऐकू यायला लागलं. पंख्याची एक पात किंचित वाकडी आहे. बाहेर कुणीतरी भिंतीवर चेंडू मारतंय. शेजारचे ढोल थांबले आणि कुणीतरी कुणाची टर उडवली. जिन्यात किल्ल्यांचा जुडगा खळखळला. काकांनी आयुष्यभर या इमारतीत आवाज होऊ नये म्हणून मोजे घालून काम केलं होतं. इथे आवाज इतके होते हे त्यांना आत्ता कळत होतं.

सातव्या दिवशी खिडकीतून आलेलं ऊन एका फरशीवरून दुसऱ्या फरशीवर गेलं, तरी काका बसून होते. मांडीवर दोन्ही हात, उताणे. लहान मुलाने खेळून झाल्यावर ठेवावेत तसे.

"बास," मुलगी म्हणाली. "गाईन मी."

"थांब," काका म्हणाले. "गेल्या वर्षी एक विचारायचं राहिलं होतं. तुमच्याकडे 'संपलं'ला काय म्हणतात?"

ती विचारात पडली. "जेवण संपतं, पीठ संपतं, त्याला शब्द आहे. गाण्याला आम्ही तो लावत नाही. गाणं पोचलं, असं म्हणतो."

तिने तो शब्द सांगितला. काकांनी तो म्हणून दाखवला. विसावा शब्द. उच्चार अर्थातच चुकीचा.

घरी निराळीच गंमत चालली होती. काका खालच्या मानेने ती चाल गुणगुणायचे आणि मागच्या दारी कपडे वाळत घालायच्या दोरीवर सराव करायचे. दोरी धरायची, गुणगुणायचं, थांबायचं, आणि दोरी ओढायची नाही.

काकी आतून बघत. काकी म्हणजे अखंड बोलणं. माणूस नसला तर भांड्यांशी, भांडी नसली तर नळाशी. काकांचे मोजे त्याच विणत. उरल्यासुरल्या लोकरीतून विणत, म्हणून ते रंग. विणतानाही तोंड चालूच.

"अहो, त्या दोरीवर माझे कपडे आहेत. ती काय धरून बसलाय? कपड्यांचा कार्यक्रम आहे का?"

"सराव चाललाय."

"एकतीस वर्षांनी सराव? मधेच गप्प काय होता? शेजारच्या बायकांनी बघितलं तर म्हणतील, निवृत्तीने डोक्यावर परिणाम झाला."

"गप्प राहायचाच सराव आहे."

"मला सांगायचंत! मी शिकवलं असतं."

"तू?" काका म्हणाले. "तू गप्प बसलीस तर मला वाटेल कार्यक्रम संपला, आणि पडदा ओढीन मी."

काकींनी ओलं फडकं त्यांच्या दिशेने फेकलं. ते दोरीवरच बरोबर पडलं.

गुपित पोटात ठेवणं काकांना जड गेलं. पण त्यांनी ते ठेवलं. महिनाभर घरात ती अर्धी चाल फिरत राहिली. काका मागच्या दारी गुणगुणत, थांबत. आत काकी कढई घासत असत, नाहीतर टाके मोजत असत. कधीकधी काका थांबले की आतून चालीचं शेवटचं वळण यायचं, नाकातल्या नाकात, कढईच्या खरखरीत मिसळलेलं. काकांचं तिकडे लक्ष नसे. त्यांचं सगळं लक्ष स्वतःच्या हातांवर होतं. फक्त एकदा ते वैतागून ओरडले, "अगं, मधे मधे नको करूस!"

"मी काय केलं?" काकी म्हणाल्या. त्यांनाही ठाऊक नव्हतं.

शनिवार उजाडला. दुपारी दोनपर्यंत विंगेत पाय ठेवायला जागा उरली नाही. उंच टोप्या घालून नाचणारे सहा जण दारात अडकले. टोप्या काढल्या तर केस विस्कटतात म्हणून ते गुडघ्यांवर रांगत आत आले. काठ्यांवर चालणाऱ्या दोन मुली भिंतीला टेकून उभ्या होत्या. बसता येत नव्हतं म्हणून यादीवालीने त्यांना स्टुलावर चढून पाणी पाजलं. बाहुल्यांच्या गटाचा राजा हरवला. तो ढोलवाल्यांच्या ढोलात सापडला. टाचण्यांसाठी सगळ्या भाषांत आरडाओरडा चालू होता आणि टाचण्या एकट्या काकांकडे होत्या, शर्टाच्या खिशाला ओळीने लावलेल्या.

काकी तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. आजवर म्हणत, "पडद्यामागचा माणूस बघायला तिकडे कशाला जायचं? घरी दिसतोच आहे." पण शेवटचा कार्यक्रम म्हणून आल्या. पिशवीत लोकर आणि सुया घेऊनच आल्या. बसलेल्या खुर्चीचा पाय हलतो हे त्यांनी आधी शेजारणीला आणि मग पुढच्या रांगेला सांगून झालं होतं.

मॅडम यादी घेऊन आल्या. "शेवटचं नाव हाताने लिहिलंय. ही गेल्या वर्षीचीच ना? बरं. पाच मिनिटं गाणं, सहाव्या मिनिटाला पडदा. मग मी पडद्यापुढे येऊन आभार मानते. कुलगुरूंना पाचला निघायचंय."

"बघतो," काका म्हणाले.

"बघतो नको. ओढतो म्हणा."

"पायांवर आहे मॅडम."

एक एक गट होत गेला. पडदा उघडला, मिटला. दोन रेघा, दोन रेघा. टोप्या नाचल्या. बाहुल्यांचा राजा मेला आणि टाळ्यांसाठी परत उठला. नाटक कुणालाही कळलं नाही आणि सगळे हसले. काकांची मान दिवसभरात इतक्यांदा कलली की यादीवालीने विचारलं, "दुखत नाही का?"

"उद्यापासून काय करायचंय तिला? आजच वापरून घेतो."

पाचला दहा मिनिटं कमी होती. शेवटचं नाव. काकांनी पडदा उघडला. पेन्सिलीने एक रेघ मारली.

मुलगी अनवाणी आली आणि गायली. गाणं पुढे आलं, मागे सरलं. सहाशे वीस खुर्च्या ऐकत होत्या, चौदा हलत्यासुद्धा. मग ती गप्प झाली आणि खाली बसली.

टाचा टेकल्या.

एकतीस वर्षं याच खुणेवर काकांचे हात चालले होते. ते शिवशिवायला लागले. सभागृहात एक जण टाळ्या वाजवायला लागला. कुणीच साथ देईना म्हणून थांबला. कुणी खोकलं. काकांच्या कानात लावलेल्या यंत्रातून भोंग्याचा आवाज आला, "काका, माईक गेला का? माझ्याकडे सगळं ठीक दिसतंय! काका?"

"सहा मिनिटं झाली," यादीवाली कुजबुजली. तिला बेटाची पद्धत ठाऊक होती, पण मुलगी आज उत्तराची वाट बघत बसणार हे ठाऊक नव्हतं. काकांनी तिलाही सांगितलं नव्हतं.

समोरच्या विंगेत मॅडम दिसत होत्या. फाइल काखेत धरून दोन्ही हातांनी त्या कपडे पिळल्यासारख्या खुणा करत होत्या. ओढा. ओढा.

काकांच्या घशात चालीचं शेवटचं वळण येऊन बसलं होतं. तोंड उघडलं असतं तर बाहेर पडलं असतं. पण उत्तर समुद्रावरून यावं लागतं. ते तर किनाऱ्यावरच, तिच्यापासून दहा पावलांवर उभे होते.

त्यांनी दोरी खुंटीला गुंडाळली. एक वेढा, दुसरा वेढा, वर सुताराची गाठ. आणि दोन्ही हात खिशात घातले.

सात मिनिटं. आठ. काकांना पंखा ऐकू आला. खुर्ची ऐकू आली. आणि तिसऱ्या रांगेतून सुयांची टिकटिक ऐकू आली.

मग ते आलं. नाकातल्या नाकात, किंचित बेसूर, टाके मोजता मोजता. त्या चालीचं शेवटचं वळण.

आजूबाजूच्या माना वळल्या. शेजारणीने कोपराने ढोसलं. काकींनी वर बघितलं.

"काय झालं?" त्या म्हणाल्या. कुजबुजणं त्यांना कधी जमलंच नाही, सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. "अहो, पुढे तसंच तर येतं ते! हे रोज अर्धंच सोडतात मेलं!"

सभागृह हसलं. ते हसू ओसरताना मागच्या रांगेत कुणीतरी ते वळण गुणगुणून बघितलं. मग वरच्या सज्जात. मग विंगेत टोप्यांखालून. ते सोपंच होतं, कुणालाही जमेल असं. बघता बघता सहाशे माणसं ते एक वळण गुणगुणत होती, कुणी वर, कुणी खाली. धुक्यात खूप होड्या असाव्यात तसं.

मुलीची उजवी टाच उचलली गेली.

उरलेलं अर्धं गाणं वल्ह्यांच्या तालाचं होतं, हे तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं. ती उठली आणि पाय आपटत गायला लागली. ढोलवाल्यांना ताल सापडला, ते विंगेतूनच वाजवायला लागले, मग वाजवत बाहेर आले. त्यांच्यामागून टोप्या. काठ्यांवरच्या मुली सगळ्यांच्या डोक्यांवरून. मॅडम पडदा ओढायला सांगण्यासाठी समोरून धावत रंगमंच ओलांडायला निघाल्या. त्या मध्यापर्यंतच पोचल्या. तिथे बाहुल्यांच्या राजाने त्यांचा हात धरला. फाइल कुठे गेली ते सोमवारपर्यंत कळलं नाही. कुलगुरूंनी एकदा घड्याळ बघितलं आणि बाही त्याच्यावर ओढून घेतली.

पुढचं यादीवालीला नीट सांगता येत नाही. शब्दांत पदवी घेतलेली मुलगी, पण त्या दिवसाचं विचारलं की ती एवढंच म्हणते, "काकांनी टाळ्या वाजवल्या." वाजवल्या खऱ्या. दोन्ही हात खिशातून काढून, जोरजोरात. प्रत्येक टाळीला पावडरीचा पांढरा ढग उडत होता.

"काका, पडदा?" तिने विचारलं.

"पोचू दे," काका म्हणाले.

तेवढ्यात मुलीने विंगेकडे बघून हात पुढे केला. काका मागे सरले. त्या पडद्यापुढे ते कधी गेले नव्हते. यादीवालीने पाठीवर हात ठेवून त्यांना हलकेच ढकललं. ते उजेडात आले, एक पाय हिरवा, एक पाय जांभळा.

"अहो, ते मोजे!" तिसऱ्या रांगेतून आवाज आला. "आज तरी जोडीचे घालायचे होते!"

"तूच विणलेस!" काका रंगमंचावरून म्हणाले.

मग गर्दी त्यांना घेऊन पायऱ्या उतरली. काकी, मुलगी, ढोल, सगळे मोकळ्या हवेत गेले. तिथेही बराच वेळ ते एक वळण चालू होतं. काका जोडे न्यायला परत आले तेव्हा दाराशीच जोडे घालून तसेच गेले. आत शिरले नाहीत.

सोमवारी बटणवाली माणसं आली. गाठ त्यांना सुटली नाही. शेवटी त्यांनी भिंतीतली खुंटीच उपटून काढली, गाठीसकट. पडदा उघडाच होता. उघडाच उतरवून नेला.

ती यादी अजून यादीवालीकडे आहे. सतरा नावं. सोळा नावांपुढे दोन-दोन रेघा. सतराव्यापुढे एक.